बॅजर आणि स्कंक : दोन प्राणी, अनेक नावे आणि मराठीतला गोंधळ

शब्दपालवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका बालमासिकासाठी युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या वन्यप्राण्यांवरील लेखमालेचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. कोल्हा, अस्वल, घुबड यांच्यापाशी काही अडले नाही. पण बॅजर आणि स्कंक या दोघांपाशी येऊन काम थांबले आहे. मी चाळलेल्या कोशांत आणि जुन्या भाषांतरांत बॅजरसाठी बहुधा ‘बिज्जू’ सापडतो. स्कंकसाठी कुठे ‘दुर्गंध सोडणारा एक प्राणी’ एवढेच वर्णन असते, कुठे त्याला उदमांजराची जात म्हटलेले असते आणि एका ठिकाणी तर त्यालाही बिज्जूच केलेले आहे. लेखमालेत मात्र हे दोन्ही प्राणी समोरासमोरच्या पानांवर, रंगीत चित्रांसह येणार आहेत. दोघेही काळेपांढरे, दोघांच्याही अंगावर पट्टे, दोघेही रात्री हिंडणारे आणि जमीन उकरणारे. एकाच नावाखाली दोन वेगळी चित्रे पाहून मुले गोंधळणार, हे उघड आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या दोघांत प्राणी म्हणून नेमका फरक कोणता, त्यांचे एकमेकांशी नाते किती जवळचे, आणि मराठीत त्यांना काय म्हणावे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

डोंगरकाठ

शब्दपालवीताई, आधी प्राणी वेगळे करू, नावांकडे त्यानंतर वळू. नावांचा गुंता बराचसा त्यातूनच सुटेल.

दोन्ही प्राणी मांसभक्षक गणातले असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. बॅजर मुस्टेलिडी कुळातला. आपले पाणमांजर याच कुळातले. स्कंकचे कुळ मेफिटिडी. पूर्वी स्कंकलाही मुस्टेलिडीतच धरत असत, त्यामुळे जुन्या पुस्तकांत हे दोघे भाऊबंद म्हणून एकत्र दिसतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासाने स्कंकची शाखा फार पूर्वीच वेगळी झाल्याचे दाखवले आणि तेव्हापासून त्यांचे स्वतंत्र कुळ मानले जाऊ लागले. म्हणजे बॅजर हा स्कंकपेक्षा पाणमांजराला अधिक जवळचा आहे. तुमचे भाषांतर १९९७ पूर्वीच्या मजकुरावरून होत असेल, तर ‘एकाच कुळातले’ असे वाक्य त्यात असण्याची बरीच शक्यता आहे. ते कृपया तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘बॅजर’ हे एका घराण्याचे नाव नाही, ते बांध्याचे आणि राहणीचे नाव आहे. बसके, रुंद शरीर, आखूड पाय, पुढच्या पायांना लांब नख्या आणि आयुष्याचा मोठा भाग जमिनीखाली, असा प्राणी दिसला की इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला बॅजर म्हटले. युरोपातला बॅजर, अमेरिकेतला बॅजर आणि आफ्रिकेपासून भारतापर्यंत आढळणारा मधखाऊ बॅजर हे तिघे मुस्टेलिडी कुळातच असले तरी तीन वेगळ्या शाखांवरचे आहेत. अमेरिकी बॅजर आपल्या शाखेवर एकटाच आहे आणि मधखाऊ बॅजरही तसाच एकटा आहे. ईशान्य भारतात यांखेरीज डुकरासारख्या नाकाचा हॉग बॅजर आहे, तो मात्र युरोपातल्या बॅजरचा खरा नातलग आहे.

यांपैकी महाराष्ट्रात राहतो तो मधखाऊ बॅजर. वन्यजीवांवरच्या मराठी लेखनात त्याला ‘चांदी अस्वल’ म्हणतात आणि माझ्या मते आपल्याकडच्या प्राणिनामांत इतके नेमके नाव क्वचितच सापडेल. आमच्या भागात एका पाणवठ्यावर लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये तो आला होता. डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ राखाडी-पांढरी, खाली सगळे अंग काळे, आणि या दोहोंमधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ. चाल अस्वलाची, मान खाली घालून, अंग डोलवत, वाटेत काय आहे याची पर्वा न करता. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. गावकऱ्यांत मात्र त्याची नाहक बदनामी झाली आहे, कारण तो प्रेते उकरतो अशी समजूत आहे. या समजुतीपायी जो प्राणी मारला जातो, त्याच्याबद्दल बालमासिकात योग्य शब्दांत लिहिले जाणे मला फार गरजेचे वाटते.

अक्षरवड

धागा उत्तम आहे. डोंगरकाठ यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. ‘बिज्जू’ हा शब्द मुळात हिंदी पट्ट्यातला आणि तिथेही तो एका प्राण्याला बांधलेला नाही. मधखाऊ बॅजर आणि उदमांजर, म्हणजे ताडमांजर, या दोघांनाही तो लागतो. ‘कबरबिज्जू’ हेही नाव असेच दोघांवर फिरते. आपल्याकडे ‘मसण्याऊद’ या नावाचे तेच झाले आहे. बहुतेक ठिकाणी ते उदमांजराला लावतात, कोकणात त्यालाच कांडेचोर म्हणतात, आणि प्रेते उकरण्याची समजूत जिथे चांदी अस्वलाला चिकटली तिथे हे नावही त्याच्याकडे गेले. उदमांजर झाडावर चढून फळे खाणारे, चांदी अस्वल जमीन उकरणारे. तरी अंधारात ओझरते दिसणाऱ्या प्राण्यांची नावे अशीच एकमेकांत मिसळतात.

विशेष म्हणजे शास्त्रज्ञही याला अपवाद नव्हते. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबर याने १७७६ साली मधखाऊ बॅजर आणि पट्टेवाला स्कंक या दोघांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा दोघांनाही ‘व्हिव्हेरा’ या एकाच प्रजातीत टाकले; आणि व्हिव्हेरा ही जवादी मांजरांची प्रजाती. त्याआधी, १७५८ साली, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने युरोपातल्या बॅजरला अस्वलांच्या प्रजातीत बसवून ‘उर्सस मेलिस’ असे नाव दिले होते. ‘चांदी अस्वल’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांची आणि लिनिअसची नजर एकाच ठिकाणी पडली होती, असे म्हणायला हरकत नाही.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी घरांना स्कंकची ओळख चित्रावरून होत नाही, नाकावरून होते. फेब्रुवारी-मार्च हा त्यांचा विणीचा हंगाम. नर माद्यांच्या शोधात दूरदूर हिंडू लागतात आणि रस्त्यावर गाड्यांखाली येतात. गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो वास आत येतो आणि मैलभर सोबत करतो.

प्राणी आकाराने पाळीव मांजराएवढा, वजन साधारण दोन ते चार किलो, शेपटी मात्र झुबकेदार आणि अंगाच्या मानाने मोठी. कपाळावर एक बारीक पांढरी रेघ, मानेवर पांढरा डाग आणि तिथून पाठीवर फाकत गेलेले दोन पट्टे. उन्हाळ्याच्या शेवटी सकाळी उठून पाहावे तर घरापुढच्या हिरवळीत बोटभर खोलीचे, शंकूच्या आकाराचे खड्डे पडलेले असतात. गवताच्या मुळाशी असलेल्या हुमणीच्या अळ्या खाण्यासाठी स्कंक रात्रभर नाक खुपसून उकरत असतो. अनेकांना याचा राग येतो, पण हुमणीने काय नुकसान होते हे उसाच्या भागातून आलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही, त्यामुळे मला तरी तो उपकारकर्ताच वाटतो.

आता तुमच्या चित्राच्या दृष्टीने महत्त्वाचे. स्कंक एकदम फवारा सोडत नाही. त्याआधी तो बराच वेळ इशारे देतो. शेजाऱ्यांच्या कुत्र्यापुढे त्याला हे करताना मी खिडकीतून पाहिले आहे. आधी तो जागच्या जागी पुढचे पाय जमिनीवर आपटतो, दोन पावले पुढे येतो, पुन्हा मागे सरतो, शेपटी ताठ उभी करतो. समोरचा तरीही हटला नाही, तर अंग असे वाकवतो की तोंड आणि पार्श्वभाग दोन्ही शत्रूकडे येतात, म्हणजे नेम धरताना डोळ्यांनी पाहता येते. शेपटीखाली दोन ग्रंथी असतात आणि त्यांतून तीनेक मीटरपर्यंत अचूक फवारा जातो. कुत्र्याला इशारा कळला नाही. पुढचे काही आठवडे त्या घराला ते पुरले. ठिपकेदार स्कंक याहून लहान असतो आणि तो इशारा देताना चक्क पुढच्या दोन पायांवर उलटा उभा राहतो. चित्रकाराला हे जरूर सांगावे, मुलांना ते फार आवडेल.

एक गंभीर सूचनाही मुलांच्या लेखात यावी असे वाटते. उत्तर अमेरिकेत रेबीज वाहणाऱ्या प्रमुख वन्यप्राण्यांत स्कंक येतो. भर दिवसा अडखळत, माणसाला न घाबरता फिरणारा स्कंक दिसला तर त्याच्या जवळ जाऊ नये.

रसायनी

हडसनतीर, त्या घराला काही आठवडे का पुरले, याचे कारण रसायनशास्त्रात आहे आणि ते सांगण्याजोगे आहे. पट्टेवाल्या स्कंकच्या फवाऱ्यात गंधकयुक्त संयुगे असतात, त्यांना थायोल म्हणतात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात जे इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, तेही थायोलच. सिलिंडरचा नळ नीट न बसल्यावर येणारा वास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्कंकच्या वासाची जात ठाऊक आहे, असे मुलांना खुशाल सांगावे.

फवाऱ्यात थायोलबरोबर त्यांचे अ‍ॅसिटेटही असतात. त्यांचा वास मुळात सौम्य, पण पाण्याशी संयोग झाला की त्यांतून हळूहळू पुन्हा थायोल तयार होतात. त्यामुळे वास गेला असे वाटून दोन आठवडे उलटतात, कुत्रा पावसात भिजतो आणि घर पुन्हा भरून जाते. ठिपकेदार स्कंकच्या फवाऱ्यात हे अ‍ॅसिटेट नसतात.

टोमॅटोच्या रसाने आंघोळ घालण्याचा उपाय अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, पण त्याने थायोल नाहीसे होत नाहीत. नाक एका वासाला सरावते आणि टोमॅटोचा वास पुढे येतो, एवढेच. खरा उपाय पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने १९९३ साली प्रसिद्ध केला. औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे एक लिटर, पाव कप खाण्याचा सोडा आणि एक-दोन चमचे भांडी घासायचा पातळ साबण, हे ताजे मिसळून डोळे-तोंड सांभाळत कुत्र्याच्या अंगाला चोळायचे, पाचेक मिनिटे ठेवून धुऊन काढायचे. पेरॉक्साइडने थायोलचे ऑक्सिडीकरण होते आणि जे तयार होते त्याला वास नसतो. मिश्रण बाटलीत भरून बूच लावून ठेवू नये, आतल्या वायूच्या दाबाने बाटली फुटते.

शब्दपालवी

सर्वांचे मनापासून आभार. बॅजरबद्दल अजून हवे आहे. मूळ लेखात एक वाक्य असे आहे की बॅजर ‘अत्यंत स्वच्छ प्राणी’ आहे; इंग्रजीत त्याच्या नावावरून क्रियापदही झाले आहे, त्याचा अर्थ एखाद्याला भंडावून सोडणे. स्वच्छ प्राणी आणि भंडावून सोडणारा प्राणी, हे एकत्र कसे?

सेव्हर्नकाठ

ताई, मी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये राहतो. बॅजर या परगण्याच्या शेतीशी, कायद्याशी आणि भांडणांशी इतका जोडलेला आहे की त्याच्याबद्दल तटस्थ माणूस इथे सापडणे कठीण.

आधी क्रियापद. ते बॅजरच्या स्वभावावरून आलेले नाही, त्याच्यावर झालेल्या अत्याचारावरून आले आहे. बॅजरला पकडून पेटीत किंवा खड्ड्यात कोंडायचे आणि त्याच्यावर एकामागून एक कुत्री सोडायची, हा इथे कित्येक शतके करमणुकीचा प्रकार होता. भंडावून सोडणारी ती कुत्री आणि सोसणारा बॅजर. शब्द मात्र सोसणाऱ्याच्या नावाने झाला. १८३५ साली कायद्याने हा खेळ बंद झाला, तरी चोरून चालूच राहिला, आणि आज १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार बॅजरला इजा करणे किंवा त्याचे बीळ उद्ध्वस्त करणे हा गुन्हा आहे. त्या खेळात बॅजर इतका वेळ टिकत असे याचे एक कारण त्याच्या कवटीत आहे. खालचा जबडा वरच्या खोबणीत असा घट्ट अडकलेला असतो की तो निखळणे जवळजवळ अशक्य. एकदा पकडले की सोडत नाही. जर्मन लोकांनी त्याला बिळातून काढण्यासाठी आखूड पायांचे कुत्रे तयार केले, ते डाख्सहुंड. जर्मनमध्ये ‘डाख्स’ म्हणजे बॅजर. पुण्या-मुंबईत हौसेने पाळले जाणारे ते लांबट कुत्रे मुळात या कामाचे.

आता स्वच्छता. युरोपातला बॅजर अमेरिकी बॅजरसारखा एकलकोंडा नाही, तो कुटुंबकबिल्याने राहतो. त्याच्या बिळाला इथे ‘सेट’ म्हणतात. एका सेटला अनेक तोंडे आणि जमिनीखाली लांबच लांब बोगदे असतात. त्याच सेटमध्ये एकामागून एक पिढ्या राहतात. माझ्या फिरण्याच्या वाटेवर असा एक सेट आहे. कोरडी संध्याकाळ असेल तर बॅजर बाहेर येतो, वाळलेले गवत आणि नेच्याची पाने गोळा करून हनुवटीखाली आणि पुढच्या पायांत कवटाळतो आणि उलट्या पावली, मागे मागे सरकत बिळात नेतो. मध्येच भारा सुटला तर थांबून पुन्हा आवळून घेतो. जुने अंथरूण बाहेर काढून टाकलेले असते. शौचासाठी बिळापासून दूर उथळ खड्डे केलेले असतात. मूळ लेखातले ‘अत्यंत स्वच्छ’ हे विशेषण अक्षरशः खरे आहे, ते गाळू नये. अन्न मुख्यतः गांडुळे. ओल्या रात्री तो शेकड्याने गांडुळे खातो. वजन आठ ते चौदा किलोंच्या आसपास, म्हणजे स्कंकच्या कितीतरी पट.

बालमासिकात किती लिहावे हे तुम्ही ठरवाल, पण इथला मोठा प्रश्न गुरांच्या क्षयाचा आहे. १९७१ साली याच ग्लॉस्टरशायरमध्ये मेलेल्या बॅजरमध्ये गुरांच्या क्षयाचे जंतू सापडले. तेव्हापासून दूधवाले शेतकरी आणि प्राणिप्रेमी यांच्यात वाद चालू आहे. २०१३ पासून सरकारी परवान्याने बॅजर मारण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यात दोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. ज्याच्या गोठ्यातली सगळी जनावरे तपासणीनंतर कत्तलीला गेली त्या शेतकऱ्याचे दुःख मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे त्याला निर्दय म्हणण्याची माझी तयारी नाही. तरी लस देण्याचा मार्ग आधीपासून नेटाने धरायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

डोंगरकाठ

सेव्हर्नकाठ यांनी अमेरिकी बॅजर एकलकोंडा असल्याचे म्हटले आहे, ते बरोबर आहे, पण त्याचा एक सोबती आहे. तो प्रामुख्याने जमिनीत राहणाऱ्या खारी आणि प्रेअरी डॉग (नावात ‘डॉग’ असले तरी तीही खारींचीच जात) खणून काढून खातो आणि या शिकारीत कधीकधी कायोटी, म्हणजे तिथला कोल्ह्यासारखा रानकुत्रा, त्याच्याबरोबर असतो. खार बिळात शिरली तर बॅजर खणतो, बाहेर पळाली तर कायोटी धावतो. तिथल्या मूळ रहिवाशांना हे पूर्वापार माहीत होते. २०२० साली कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळ रस्त्याखालच्या मोरीतून हे दोघे एकामागून एक जातानाचे चित्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा ते जगभर पाहिले गेले. चित्रात कायोटी आधी उड्या मारून बॅजरची वाट पाहतो आणि मग दोघे मोरीत शिरतात.

दोघांतला मूळ फरक मी असा मांडेन. बॅजरचे संरक्षण त्याच्या शरीरबळात आहे : नख्या, जबडा, जाड आणि सैल कातडी. चांदी अस्वलाची कातडी इतकी सैल असते की मानेला धरले तरी ते आतल्या आत वळून चावा घेते. स्कंककडे यातले काही नाही. लहान शरीर, मंद चाल, अधू नजर. त्याचे सगळे संरक्षण त्या दोन ग्रंथींत आहे आणि तो साठा मर्यादित आहे. एकदा संपला की भरून यायला आठवड्याहून अधिक काळ लागतो, म्हणून तर इतके इशारे. काळ्यावर पांढरे पट्टे हे दोघांतही ‘वाटेला जाऊ नका’ अशी जाहीर सूचना आहे. सूचनेमागची कारणे मात्र वेगळी आहेत. अमेरिकेतले मोठे शिंगाळे घुबड ही सूचना मानत नाही, ते स्कंकची नियमित शिकार करते.

अक्षरवड

आता शब्दांबद्दल. ‘बॅजर’ हे नाव इंग्रजीत सोळाव्या शतकात रूढ झाले. त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्याला बिल्ला, म्हणजे इंग्रजीतला ‘बॅज’, समजून ते पडले असावे, असे कोशकार मानतात. त्याआधीचा शब्द ‘ब्रॉक’, तो केल्टिक भाषांतला. फ्रेंचमध्ये ‘ब्लेरो’ हा शब्द बॅजरलाही लागतो आणि दाढीच्या ब्रशलाही, कारण चांगले ब्रश बॅजरच्या केसांचे करत. ‘स्कंक’ हा शब्द मात्र युरोपातला नव्हेच. तिथे प्राणीच नव्हता, शब्द कुठून असणार? सतराव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांनी तो तिथल्या अल्गोंक्वियन भाषांतून घेतला. त्या परिवारातल्याच मायामी-इलिनॉय भाषेत स्कंकला आणि उग्र वासाच्या रानकांद्याला एकच शब्द आहे, आणि त्या रानकांद्यावरून शिकागो शहराला नाव मिळाले. विस्कॉन्सिनला ‘बॅजर राज्य’ म्हणतात ते प्राण्यामुळे नव्हे, १८२० च्या दशकात शिशाच्या खाणींत काम करायला आलेले मजूर थंडीत टेकड्यांत खणलेल्या भोकांत राहत, म्हणून.

मराठीसाठी माझी सूचना अशी की आपण नवे शब्द घडवावेत. हिप्पोपोटॅमसला ‘पाणघोडा’ केले, ते रुळले. स्कंकला ‘दुर्गंधमार्जार’ आणि बॅजरला ‘भूखनक’ का म्हणू नये? परकी नावे जशीच्या तशी घेण्याची सवय लागली की भाषेची घडवण्याची ताकद कमी होते, ही माझी खरी चिंता आहे.

डोंगरकाठ

अक्षरवड, चिंता रास्त आहे, पण या दोन शब्दांना माझा विरोध आहे. पाणघोडा चालला, कारण पाण्यात राहणारा घोडा आपल्याकडे दुसरा कोणी नव्हता. ‘मार्जार’ म्हटले की वासाच्या ग्रंथी असलेले आपले जवादी मांजर आणि उदमांजर आधीच समोर उभे राहतात. मूल गावी जाऊन कौलांवरचे उदमांजर पाहील आणि त्याला स्कंक म्हणेल. म्हणजे ज्या गोंधळातून बाहेर पडायचे तोच पुन्हा पक्का होईल. भूखनकाचेही तसेच : साळिंदर खणते, खवल्या मांजर खणते. जिराफ, झेब्रा, कांगारू ही नावे आपण तशीच घेतली आणि त्याने मराठीचे काही बिघडले नाही.

नावाला फसून काय होते याचे उदाहरण निसर्गातच आहे. जावा, सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर ‘तेलेदू’ नावाचा एक प्राणी राहतो. फिलिपिन्सच्या पलावान बेटावर त्याचा भाऊबंद आहे. बसके शरीर, लांब नाक, खणण्याच्या नख्या, आखूड शेपटी. म्हणून इंग्रजीत त्याला ‘दुर्गंधी बॅजर’ म्हटले गेले. डीएनए तपासल्यावर तो मेफिटिडी कुळातला, म्हणजे स्कंकचा नातलग, निघाला. अमेरिकेबाहेर उरलेली या कुळाची हीच एक शाखा. उलट आफ्रिकेतला झोरिला पाहावा : काळे अंग, पाठीवर पांढरे पट्टे, झुबकेदार शेपटी आणि शेपटीखालून दुर्गंधी फवारा. चित्र पाहून कोणीही त्याला स्कंकच म्हणेल, पण तो मुस्टेलिडी कुळातला, चांदी अस्वल आणि पाणमांजराच्या बाजूचा. दिसण्यावरून आणि वासावरून नाव द्यायचे ठरवले तर हे दोघे हमखास चुकीच्या घरात जातात.

हडसनतीर

डोंगरकाठ यांच्याशी मी सहमत आहे. इथल्या मराठी मुलांच्या तोंडी ‘स्कंक’ हाच शब्द आहे आणि त्यांचे आजी-आजोबाही भारतातून आले की आठवड्याभरात तोच वापरू लागतात. ‘अंगणात स्कंक आलाय, दार उघडू नका’ हे मराठी वाक्यच आहे. एक लक्षात घ्यावे : काही जण फोनवर समजावताना ‘मोठी चिचुंद्री’ म्हणतात, ते मात्र टाळावे. चिचुंद्रीच्या अंगाला उग्र वास असतो हे खरे, पण ती कीटकभक्षी, वेगळ्याच गणातली, आणि फवारा सोडत नाही.

शब्दपालवी

या चर्चेवरून मी असे ठरवते आहे. स्कंकसाठी ‘स्कंक’. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या प्राण्यासाठी ‘बॅजर’, पण प्रत्येक वेळी ‘युरोपी’ किंवा ‘अमेरिकी’ हे विशेषण लावून, कारण एक कुटुंबाने राहून गांडुळे खाणारा आणि दुसरा एकट्याने खारी खणणारा आहे. ‘चांदी अस्वल’ हे नाव फक्त आपल्याकडच्या मधखाऊ बॅजरला. त्याच्यासाठी संपादकांकडे वेगळी चौकट मागणार आहे आणि त्यात प्रेते उकरण्याच्या समजुतीबद्दल स्पष्ट लिहिणार आहे. ‘बिज्जू’ पूर्ण वगळते. तेलेदू आणि झोरिला यांची चित्रे शेजारी-शेजारी देऊन ‘यांतला स्कंकचा नातेवाईक कोण?’ असे कोडे घालायचा विचार आहे. अक्षरवड, तुमच्या नामघडणीच्या मुद्द्यावर स्वतंत्र धागा काढाल का? तो विषय मोठा आहे.

एक शंका राहते. चांदी अस्वलालाही वास असतो असे वाचले. मग फवारा हा फरक टिकतो का?

डोंगरकाठ

टिकतो, पण वाक्य जपून लिहावे लागेल. चांदी अस्वलाच्या शेपटीखाली वासाची पिशवी असते, ती उलटी करून बाहेर काढता येते आणि त्या वेळी येणारा दर्प अतिशय तीव्र असतो. युरोपी बॅजरलाही शेपटीखाली ग्रंथी असतात, पण त्यांचा उपयोग मुख्यतः हद्द आणि आपल्या कबिल्यातले सदस्य ओळखण्यासाठी होतो. वास या सगळ्यांनाच आहे. नेम धरून, काही मीटर अंतरावर, डोळ्यांच्या रोखाने द्रव फेकणे ही मात्र या सगळ्यांत स्कंकचीच खासियत. त्यामुळे ‘बॅजरला वास नसतो’ असे लिहू नये. ‘बॅजर स्कंकसारखा नेम धरून फवारा मारत नाही’ असे लिहावे.